विनिपेगच्या बहात्तर वह्या

थांबा थांबा, कृष्णातराव, त्या खोक्याला हात लावू नका — आधी बसा. टेम्पो खाली उभा हाय तो राहू दे, भर राजारामपुरीतनं कोण पळवून नेतंय त्याला? चहा घ्या. आणि आत्ता काय म्हणालासा ते परत सांगा. वह्या काचेच्या कपाटात? उघडून? आतलं पान दिसंल अशा? — अहो, मला वाटलं लाल फडक्यात बांधून पालखीत ठेवणार, लोकं लांबनं हात जोडणार, झालं. काय? शाळेची पोरं पण आणणार? परदेशातल्या माणसांनी लिहिलेलं रामनाम बघायला? अरे देवा.

न्हाई, चक्कर न्हाई आली. पंखा वाढवा जरा. सांगते, पण आमचे हे, म्हणजे तुमचे अण्णा, यायच्या आत. शिंप्याकडं गेलेत, उद्याच्या सत्काराचा कोट ढिला करून आणायला — दोन वर्षांत पोट सुटलं की! वजा तीस थंडी, माणूस खाण्याशिवाय करणार काय? विनिपेग म्हणजे — नाकातलं पाणी नाकातच गोठतंय. मी गारगोटीची, माझा सगळ्यात लांबचा प्रवास तिरुपती. आणि तुमच्या मंडळानं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना कॅनडात पाठवलं, नामाच्या प्रचाराला. बत्तीस वर्षं गणित शिकवलेलं माणूस, हौस दांडगी. 'मी तिथं घरोघर रामनामाची वही पोचवतो' म्हणून इथल्या स्टेजवर सांगून गेलते. आठवतंय न्हवं? तुम्हीच टाळ्या सुरू केलत्यासा.

तर गेलो. एका इमारतीच्या तळघरात हॉल, चाळीस खुर्च्या. पहिला गुरुवार — कोण न्हाई. दुसरा गुरुवार — कोण न्हाई. तिसऱ्या गुरुवारी एक आला, डग्लस. बर्फ ओढायचं काम करतोय, सहा फूट माणूस. बसला, प्रवचन ऐकलं, आमटी प्याला चार वाट्या, गेला. पुढच्या गुरुवारी परत डग्लस. ह्यांना केवढा आनंद! मला म्हणाले, त्याला गोडी लागली. लागली की, आमटीची! त्यानं वही घेतली पण. अकरा चौकोनांत राम लिहिला, बाराव्यात कोंबडीचं चित्र काढलं, आणि वही परत. ती एक वही खरी हाय बरं का, ती ठेवा काचेत खुशाल.

'ती एक' म्हणजे काय, म्हणताय? — आता सुटलंच तोंडातनं. ऐका मग. तुमच्या मंडळाचा दर महिन्याला मेसेज — किती वह्या भरल्या? किती वह्या भरल्या? चार महिने हे 'शून्य' पाठवत होते. एक दिवस जेवलेच न्हाईत. म्हणाले, अक्का, आपण परत जाऊ, मी नालायक हाय. अक्काच म्हणतात मला, सगळ्या गल्लीसारखं. बत्तीस वर्षं वर्गात कुणाची मान खाली बघू न शकलेलं माणूस, स्वतःची मान खाली. मग मी काय करणार? दुपारी हे लायब्ररीत जायचे, प्रचाराला, चार तास. मी वही काढली आणि बसले. पानाला एकशे आठ चौकोन, चौकोनात राम. आठ दिवसांत वही भरली. वर नाव कुणाचं घालायचं? जिन्याखाली टपालाच्या पेट्या होत्या, त्यावरनं उतरवलं — मार्गारेट, तिसरा मजला. ह्यांच्या हातात दिली. तीन भाकरी खाल्ल्या त्या दिवशी!

मग चटकच लागली म्हणा. हेलन, रॉबर्ट, सगळा जिना संपवला. एका पेटीवरचं नाव उतरवलं, ते नंतर कळलं 'जाहिरातीचे कागद टाकू नका' असं लिहिलेलं होतं. सत्काराच्या फ्लेक्सवर वहीवाल्यांची नावं छापलीत, त्यात ते पण आलंय व्हय? 'श्री. नो फ्लायर्स'? — हसू नका, चहा सांडंल.

चाळीस वह्या माझ्या. चाळीस! एकाच हाताच्या. पोरं काय, आंधळा पण ओळखंल. आणि एका वहीत तर घोटाळाच हाय. भाजीची यादी डोक्यात, हात चालू — एका चौकोनात 'कोथिंबीर' लिहून बसले! खोडता येईना, जपात खाडाखोड करायची न्हाई म्हणतात. तशीच दिली. आयुष्यभर माझ्या याद्या घेऊन मंडईत गेलेलं माणूस, पण ओळखलं न्हाई हो. मान हलवली, फडक्यात बांधली, ठेवली. आणि योगायोग बघा — त्याच संध्याकाळी बर्फातनं चालत जाऊन कोथिंबिरीची जुडी घेऊन आले!

पण एक ध्यानात घ्या. माझ्या चाळीस खोट्या, ह्यांच्या एकतीस खऱ्या. व्हय तर! माझ्या सात-आठ वह्या झाल्या आणि ह्यांचं नशीब जे काही उघडलं — 'अक्का, आज बसमध्ये एकानं दिली', 'अक्का, आज लायब्ररीत एका बाईनं दिली'. म्हणून तर माझ्या पापाचं मला काय वाटलं न्हाई, दिवा पेटवायला काडी लागतीच की. सत्कार ह्यांचा व्हायलाच पायजे. तेव्हा असं करा, माझं खोकं बांधून ठेवा आणि ह्यांचं खोकं काचेत लावा. मी उघडून बघितलं न्हाई कधी, दुसऱ्याचा जप बघू नये असं आई सांगायची. आता तुम्हीच उघडा. काढा एक. नाव वाचा.

आर्थर विल्यम बेकर. — हे नाव मी कुठंतरी... दुसरी काढा. एडिथ मे कूपर. एडिथ? एडिथ तर गेटजवळची, वर दगडाचं कबूतर. मी तिच्यावरचा बर्फ झाडायची. — अहो, कबरस्तान! सकाळी फिरायला तिथंच जायचो, तेवढा एकच रस्ता साफ केलेला असायचा. हे एकेका दगडापुढं थांबायचे, कागदावर टिपायचे. मला वाटायचं गणिताचं मास्तर, मेलेल्यांची वयं काढत असतील.

आणा इकडं ती वही. — पट्टीनं आखलेला समास. दोन रेघांचा. ओळीखाली ओळ, फळ्यावर काढल्यागत. कृष्णातराव, कॅनडात असा समास कोण आखतंय हो?

एकतीसच्या एकतीस? बघा बघा, सगळ्या बघा.

बोटाला घट्टा पडलता ह्यांच्या. मी रोज तेल चोळायची. थंडीनं झालंय म्हणाले. चार-चार तास लायब्ररीत... आणि घरी येऊन मला सांगायचे, अक्का, आज एकानं दिली. म्हणजे मला वाटावं की... थांबा. समास बघून मी ह्यांना ओळखलं, तर माझं अक्षर ह्यांनी — आणि ती कोथिंबीर —

उचला. सगळी खोकी उचला, माझी पण. काच-बीच काय न्हाई, लाल फडक्यात बांधा आणि पालखीत ठेवा, आत राम तर हायच की. तो फ्लेक्स मात्र आज उतरवा. मेलेल्यांना आणि टपालपेट्यांना सत्कारात उभं करू नका, डग्लसचं तेवढं नाव ठेवा. अण्णांना मी सांगते काय सांगायचं ते. न्हाई, डोळ्यात काय गेलं न्हाई माझ्या. जिन्यात चप्पल वाजतीय, ऐकताय न्हवं? तुम्ही चहा प्यालासा आणि निघालासा, बाकी काय झालं न्हाई. निघा की आता! — आणि जाता जाता कोपऱ्यावरच्या भाजीवालीला म्हणावं, एक जुडी... न्हाई. राहू दे. हे आणतील.