बबलू मधी उभा राह्यला

वडीगोद्रीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोन मित्र बोलत होते.

"हरिओम, आपला तो राक्षसांचा जुना ऑनलाइन गेम परत सुरू केला म्हणं तू?"

"हो ना, अंकित. काल बबलूबी आल्ता खेळायला."

"बबलू? गेममधल्या तलवारीवरून भांडले अन् बारा वर्षं बोलले न्हाईत ना तुम्ही!"

"खेळताना कालबी न्हाईच बोललो. पण राक्षस माझ्यावर धावला, तर हा ढाल घेऊन मधी उभा राह्यला अन् मेला."

"मंग?"

"मंग काय, जल्दी फोन लावला त्याला."

"काय म्हणला?"

"म्हणला, 'हऱ्या, राक्षस आल्यावर पळावं, हे अजूनबी कळत न्हाई का तुला?'"

"अन् तू?"

"लई हसलो. म्हणलो, रविवारी बायकोला घेऊन जेवायला ये. वहिनीला मी अजून पाह्यलंबी न्हाई."