दिवसाची झोप

पावर हाउस बाजारातल्या एसटीडी बूथवर माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं नंबर लागायची वाट पाहत होतं. मुंबईतल्या पायलट मुलाला फोन करायचा होता. बाई म्हणाल्या,

“दिवाकरले आज साफ सांगते, संपावर जाऊ नको.”

“उद्या युनियनची मॅनेजमेंटसोबत शेवटची मीटिंग आहे. आजच कावून त्याच्या डोक्याले ताप देऊन राहिली?”

“इतका पगार भेटते, अजून काय पायजे त्यायले?”

“पगाराचं नाही ते. रात्रभर विमान उडवलं का सकाळी पुन्हा ड्यूटी. मधात पुरती झोप पायजे, तेवढं एग्रीमेंटमध्ये लिहून द्या म्हणतात.”

“आन् नोकरीवरून काढलं तर?”

“तर इथं येईल. दिवाळीत ताटावरच झोपला होता, विसरली?”

“कशी विसरीन? हातात घास तसाच होता.”

“माही नाइट शिफ्ट असली का दिवसा तू त्याले अंगणात खेळू देत नव्हती.”

“तुमी रातभर कारखान्यात भट्टीपाशी उभे राहत होते. झोप नको?”

“त्याच्या मागं तं दीडशे माणसं बसून राहतात.”

बूथवाल्यानं रिसीव्हर बाईंपुढे केला.

“माताजी, लाइन लग गई. बात कीजिए.”

“हॅलो, सुमेधा? दिवाकरले दे बरं... आता झोपला? नाही, नाही, उठवू नको. काही काम नव्हतं. ऐक, लेकरायले खाली खेळाले पाठव. आन् दाराच्या कडीले फडका बांधून ठेव, वाजली नाही पायजे.”