झाकलेलं तबक

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, बंधुसभेचे आजी-माजी पदाधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले दप्तरदार, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि एरवी ज्यांना या दालनात पाऊल टाकू दिलं जात नाही पण आज मानानं बोलावलंय असे आपले सगळे कुटुंबीय आणि स्नेही, सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझं भाषण सगळ्यात शेवटी, चहाच्या लगेच आधी ठेवलंय. लोकांचे डोळे किटल्यांकडे लागलेले असतील आणि म्हातारा काय बडबडतोय ते कुणी ऐकणार नाही, असा कुणीतरी विचार केलेला दिसतो. कुणी केला तेही मला माहीत आहे. तो व्यासपीठावरच बसलाय आणि आत्ता हसतोय. हरकत नाही.

माझा स्वभाव संशयी, हे इथे नव्यानं सांगायला नको. सगळी नोकरी विमा कंपनीत गेली आणि काम होतं दावे तपासायचं. गोदाम जळालं की बाकीचे हळहळायचे, मी विचारायचो, आग लागली तेव्हा मालक कुठे होता? घरी दूध उतू गेलं तरी तुम्ही पंचनामा करता, असं आमची ही म्हणते, आणि त्यात तथ्य आहे. अशा माणसाला निरोपाचं गोड भाषण करायला उभं करणं हे धाडसच म्हणायचं.

पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. बाहेर आम्हाला ‘कुलूपवाले’ म्हणतात, कारण सभा सुरू झाली की दाराला आतून कुलूप लागतं. आत आम्ही काहीतरी भलतंच करतो अशी निम्म्या गल्लीची खात्री आहे. खरं सांगू? आत आम्ही गळ्यात निळे पट्टे घालून ओळीनं बसतो, मागच्या सभेचा वृत्तांत ऐकतो, आजारी बंधूच्या घरी कोण जाणार ते ठरवतो आणि पंख्याबद्दल तक्रार करतो. एवढ्यासाठी कुलूप कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय.

हे वृत्तांत लिहितात आपले दप्तरदार. अक्षर असं की छापील वाटावं. पण मजकूर? प्रत्येक वृत्तांत एकाच वाक्यानं संपतो, ‘सभा शांततेत पार पडली.’ छताचा गिलावा कोसळून खजिनदारांच्या टकलावर टेंगूळ आलं, त्या दिवशीही सभा शांततेत पार पडली. दोन बंधू खुर्च्या उचलून एकमेकांच्या अंगावर धावून गेले, त्या दिवशीही तेच. आता तुम्हीच सांगा, जिथे एवढी शांतता असते तिथे कुठेतरी पाणी मुरतंय असं माझ्यासारख्याला वाटणार की नाही?

सभेच्या पंच्याहत्तरीची स्मरणिका निघाली, ती तुमच्या हातात आहे. तिच्यातला सभेचा इतिहास दप्तरदारांनी लिहिला आणि तो तपासायला समितीनं मला नेमलं. वाचता वाचता एका वाक्याशी मी थांबलो आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वाक्य असं होतं: ‘आपल्या सभेनं आजवर एकाही इच्छुकाला परत पाठवलेलं नाही.’

एकाही? मग माझा धाकटा भाऊ कोण होता?

किटल्यांचा आवाज थांबला. बरं झालं.

माझा धाकटा भाऊ आज इथे आलाय. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलाय. स्मरणिका त्याच्याच छापखान्यात छापली, म्हणून त्याला आमंत्रण गेलं. आम्ही दोघं एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत राहतो. आमच्या बायका एकमेकींकडे विरजण मागतात, पोरं या घरातून त्या घरात धावतात, आणि आम्ही दोघं जिन्यात पावलं वाजली की आधी कानोसा घेतो आणि मगच दार उघडतो. स्मरणिकेची मुद्रितं आमच्यात दप्तरदारांमार्फत फिरली. मी समासात लिहायचो, ‘ओळ वाकडी आहे.’ तो खाली लिहायचा, ‘डोळे तपासा.’ इतक्या वर्षांत सख्ख्या भावांचं झालेलं संभाषण ते एवढंच.

हे का झालं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आमच्या मतदानाची रीत सांगतो. नवा माणूस सभेत घ्यायचा असला की त्याला बाहेर जिन्याशी बसवतात. आत एक तबक फिरतं. त्यावर दोन वाट्या, उजव्या हाताला पांढऱ्या गोट्या, डाव्या हाताला काळ्या, आणि वरून जाड कापड. प्रत्येकानं कापडाखाली हात घालायचा, एक गोटी मुठीत घ्यायची आणि मूठ तशीच पेटीच्या भोकात रिकामी करायची. गोटीकडे बघायचं नाही. बघणं म्हणजे आपल्याच हातावर अविश्वास, असं आमचे जुने लोक मानायचे. शेवटी अध्यक्ष गोटी टाकतात आणि पेटी उघडतात. एक जरी काळी निघाली तरी माणूस परत. आणि परत गेलेल्याची बेअब्रू नको म्हणून त्याचं नाव दप्तरात येत नाही. म्हणजे दप्तरदारांनी इतिहासात खोटं लिहिलं नव्हतं. दप्तरात जे होतं तेवढंच लिहिलं होतं. दप्तर ही चीज मला तेव्हापासून फार भीतीदायक वाटायला लागली आहे.

माझ्या भावाला बाहेर बसवलं होतं, त्या संध्याकाळी अध्यक्षांच्या खुर्चीत आमचे बाबा होते. आपल्या हयातीत दोन्ही मुलं सभेत असावीत एवढी एकच इच्छा ते बोलून दाखवायचे. धाकट्यानं नवा शर्ट शिवून घेतला होता. बाबांनी पेटी उघडली. पांढऱ्या गोट्यांत एक काळी होती. बाबा स्वतः उठून बाहेर गेले आणि आपल्या मुलाला सांगून आले.

घरी जाताना धाकट्यानं मला आमच्या इमारतीच्या जिन्यात अडवलं. म्हणाला, “दादा, तू होतास का?”

संशय यायला जागा होती. त्याच्या छापखान्याला माझा विरोध होता आणि तो मी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या जोरात केला होता. पण आमच्या सभेचा सगळ्यात कडक नियम असा, की आपण कोणती गोटी टाकली हे जन्मात कुणाला सांगायचं नाही. जो सांगेल तो त्याच क्षणी सभेतून गेला. मी म्हटलं, “मला सांगता येत नाही.”

नियमानं बांधलेला माणूस दुसरं काय बोलणार? पण ते वाक्य तुम्ही त्याच्या जागी उभं राहून ऐका. त्यानं मान हलवली, वर गेला आणि दार लावून घेतलं.

बाबांनी मला कधीच विचारलं नाही. अध्यक्षाला तर ते मुळीच शोभलं नसतं. पण जेवताना त्यांची नजर माझ्या उजव्या हातावर असायची. शेवटच्या आजारातही मी औषधाचा चमचा पुढे केला की आधी ते माझ्या हाताकडे बघायचे आणि मग तोंड उघडायचे. मला ते फार लागलं. अजून लागतं.

मग मी माझा धंदा सुरू केला. काळी गोटी कुणाची? औषधवाल्याचा संशय आला म्हणून मी दुसऱ्या टोकाच्या दुकानातून गोळ्या आणायला लागलो. शिंप्याचा संशय आला, तर पायजम्याची नाडीसुद्धा त्याच्याकडून घेईना. हे दोघंही आज समोर बसलेत आणि एकमेकांकडे बघतायत. त्यांना आत्ता उलगडा होत असेल. पण खरं सांगतो, सगळ्यात जास्त संशय माझा दप्तरदारांवर होता. का? कारण हा माणूस आमच्याशी फार चांगला वागत होता. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा रोज येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. सभेची सगळी छपाई आग्रहानं धाकट्याच्या छापखान्यात द्यायचे. एवढा चांगुलपणा कुणी उगाच करतं का? माझ्या नोकरीत तरी मी असा माणूस पाहिला नव्हता.

आता दप्तरदार मुलीकडे कायमचे राहायला चाललेत. कपाटांच्या किल्ल्या आणि सामान ताब्यात घ्यायला समितीनं पुन्हा मलाच पाठवलं. दुपारची वेळ, दालनात आम्ही दोघंच. कपाटातून तबक निघालं आणि मला राहवलं नाही. मी विचारलं, “ती काळी गोटी तुमची होती ना?”

ते म्हणाले, “कुणी मुद्दाम टाकली नाही. माझ्यामुळे पडली.”

आणि खाली बसले. त्या संध्याकाळी ते सभेत सगळ्यात नवे होते, आणि तबक फिरवायचं काम नव्या बंधूकडे असतं. तबक घेऊन बंधूंच्या पाठीमागून जायचं, कुणाचा हात कुठे गेला ते आपल्याला दिसू नये म्हणून. पण अध्यक्षांच्या खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली. त्यांच्याकडे समोरूनच जावं लागतं. समोरून जाताना तबक फिरवून धरायचं, नाहीतर त्यांच्या उजव्या हाताला काळ्या गोट्या येतात.

“फिरवायचं राहिलं,” ते म्हणाले. “तबक कपाटात ठेवताना लक्षात आलं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“पेटी उघडल्यावर मतदानाबद्दल बोलायचं नाही. आणि सांगू कुणाला? तुमच्या बाबांना? पोटच्या पोराला तुम्हीच काळी टाकलीत म्हणून?”

तुम्हाला वाटेल मी लगेच विश्वास ठेवला. छे. मी म्हटलं, करून दाखवा. मी बाबांच्या खुर्चीत बसलो, नजर सरळ समोर ठेवली. दप्तरदार समोरून तबक घेऊन आले, न फिरवता. सवयीनं माझा उजवा हात कापडाखाली गेला. मूठ उघडली तर काळी. त्यांनी तबक फिरवलं. पुन्हा हात घातला, तर पांढरी. मी त्या खुर्चीत बसून रडलो, आणि दप्तरदारांनी मला रडू दिलं.

पुरावा काही नाही. एखादा दावेदार असं काही घेऊन आला असता तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. पण खोटं रचणारा माणूस स्वतःला निर्दोष ठेवून रचतो, एवढं मी नोकरीत शिकलोय. यांनी स्वतःलाच गुंतवून घेतलंय. म्हणून माझा विश्वास बसला.

हे सगळं मी त्यांना विचारूनच इथे बोलतोय. ते म्हणाले, “बोला, मी उठून जाणार नाही.” बसलेत. दप्तरदार, तुमच्यावर माझा राग आहे, आणि तो काही दिवस राहील. बाबांना तुम्ही वाचून दाखवलेलं प्रत्येक वर्तमानपत्रही मला आठवतंय. तुम्ही गेल्यावर मला करमणार नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांची वजाबाकी मला जमत नाही.

पण धाकटा माझाच भाऊ. दोन म्हाताऱ्यांनी मिळून बनाव रचला असं तो म्हणणार, त्याच्या जागी मीही म्हटलं असतं. एक गोष्ट मात्र अशी आहे की ती माझ्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. अध्यक्षमहोदय, घंटेवरचा हात जरा मागे घ्या. नियम मला पाठ आहे. हा बघा, पट्टा मी आधीच काढून टेबलावर ठेवला. तुम्हाला सांगायची वेळ येऊ नये.

धाकट्या, मी पांढरी टाकली होती.

संपलं. संयोजकांनी मला बोलू दिलं याबद्दल त्यांचे आभार, पुढच्या वेळी ते विचार करूनच बोलावतील. दप्तरदार आणि वहिनींना नव्या घरी सुख लाभो. बोलण्याच्या ओघात कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, सभेचं गुपित बाहेर पडलं असेल, चहा निवला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

मला आता खाली उतरू द्या. शेवटच्या रांगेत धाकट्यानं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी आत्ता उचलून मांडीवर घेतली. माझ्यासाठी जागा केली की निघायची तयारी केली, इथून काही समजत नाही. जवळ जाऊनच बघतो.