आजोबांचे मोजे

बाई दवाखान्यात नंबराची वाट बघत होत्या. बालवाडीत रंग शिकवण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे मागच्या बाकावरची सून सासऱ्यांना बजावू लागताच त्यांनी कान टवकारले.

“मामंजी, उद्यापासून छकुलीचा रंगांचा खेळ मी घेईन. तुम्हाला लाल-हिरवं सारखंच दिसतं. पोर उलटंसुलटं शिकेल.”

“अगं, मी कुठं शिकवतो? मोजा दाखवतो नि म्हणतो, याचा जोडीदार शोध बघू.”

“आणि तिनं भलताच दिला तर?”

“तसाच घालून गावभर हिंडायचं!”

सुनेनं शेजारी बसलेल्या लेकीलाच विचारलं, “छकुले, आजोबांच्या पायात कुठले मोजे गं?”

“लाल. दोन्ही लाल. हिरवे घरी. आजोबांना कळत नाही, मी शोधते.”

सुनेनं वाकून पाहिलं. दोन्ही लालच होते.

“मग उद्यापासून तू घेणार ना खेळ?” आजोबांनी विचारलं.

“नको, मामंजी. मला रंग दिसतात, मी विचारलं तर ते खोटं खोटं होईल.”