शिडाचं पोट

सासूबाई : ...म्हणजे हे शीड तुम्ही स्वतः शिवलंत?

जावई : हो आई. दोनदा उसवलं, हे तिसरं.

सासूबाई : दाभणाने?

जावई : दाभणानेच. तुमचं मशीन आल्यापासून बांधलेलं आहे, न विचारता कसं उघडणार?

सासूबाई : राग मानू नका जावईबापू. दीड वर्ष खपून होडी अशी केलीत, की फळीवर हात ठेवला तर लोण्यावरून घसरावा. आणि तिच्यावर हा उशीचा अभ्रा लावणार?

जावई : माप तंतोतंत आहे हो! आधी कागदावर काढलं. सूतभर इकडचं तिकडे नाही.

सासूबाई : गणिताच्या मास्तरांचं माप चुकेल कसं? पण वारा काही तुमच्या वर्गात बसत नाही.

जावई : थांबा, पंखा लावूनच दाखवतो.

(बाहेरच्या खोलीतच होडी आहे. डोलकाठीला बांधलेलं शीड पंख्यासमोर नुसतं फडफडतं.)

सासूबाई : झाला झेंडा. वल्ही केलीत ना? मारत बसा.

जावई : चुकलं कुठे पण?

सासूबाई : सरळ कापड सरळ शिवलं, ते सपाटच राहणार. असा ब्लाउज शिवला तर बाईने श्वास कुठे घ्यावा? हा काठीकडचा काठ कमानीसारखा कापायचा, मध्ये दोन बोटं बाहेर. मग काठीला बांधलात, की जास्तीचं कापड जाईल कुठे?

जावई : आत... पोटात!

सासूबाई : पेटली ट्यूब. आणि पट्ट्यांच्या जोडाला टोकाशी शिवण रुंद, मध्ये बारीक. आणा ती कात्री, खुणा करून देते.

जावई : खुणाच कशाला? तुम्हीच शिवा ना.

सासूबाई : मी रविवारी भावाकडे निघाले, माहीत आहे तुम्हाला. खरं सांगा, मला अडकवायला मुद्दाम बिघडवलंत हे?

जावई : नाही हो. मुद्दाम एवढं वाईट मला जमलं नसतं.

सासूबाई : हात्तिच्या!

जावई : आमचं काही चुकलं का, आई?

सासूबाई : छे हो. लेक फुलासारखं जपते. तीच तर पंचाईत. मोतीबिंदू काढला डोळ्याचा, आणि हिने बांधून ठेवले हात. चार महिने काडी उचलू देत नाही. चाळीस वर्षं बाया माझ्या दुकानाच्या पायरीवर खोळंबायच्या. इथे मी ताटाची वाट बघत बसते. पाहुणी म्हणून किती दिवस राहायचं माणसाने?

(मुलगी फोन हातात घेऊन दारातून आत येते.)

मुलगी : आई! कात्री कुणी दिली तुझ्या हातात? डॉक्टरांनी सांगितलंय ना?

सासूबाई : डॉक्टरांनी महिना सांगितला होता. तू चार धरलेस.

मुलगी : आणि तू रे? होडीचं वेड तुझं, राबवतोस आईला?

जावई : अगं, मला येत नाही. त्यांना येतं.

मुलगी : ...दारातून ऐकलं मी सगळं. मला वाटायचं, जन्मभर पाय मारलेस मशीनवर, आता तरी आराम मिळावा तुला.

सासूबाई : आराम दमलेल्याला गं. मी कुठे दमलेय?

मुलगी : मामाचा फोन चालू आहे. कुठल्या गाडीने येतेस विचारतोय.

सासूबाई : सांग त्याला, कापड बेतायला घेतलंय. हे शीड पाण्यावर फुगलेलं बघितल्याशिवाय मी हलत नाही.

मुलगी : आणि मग जाणार?

सासूबाई : मगचं मग बघू. सांग आणि ठेव तो फोन. ये इकडे, बस खाली. हे टोक धर. अगं, एवढं ताणू नकोस, कापड वाकडं होतं.

मुलगी : असं?

सासूबाई : हं. नुसतं धर.