तासाभरात येते

अहो ताई, ओढू नका, ओढू नका — बॅग पळवत नाहीयेत ते. माझे मिस्टर आहेत हो. गाडी आली, बॅगा उतरल्या की त्यांना वाटतं बोट लागली, आता निघायचं. — द्या हो इकडे, अजून वेळ आहे बोटीला. बसा झोपाळ्यावर, बसा. — घाबरलात ना? सगळेच घाबरतात. फोनवर सांगायला हवं होतं मी, पण सांगितलं की लोक दुसरीकडे खोली घेतात, मे महिना आहे, नागावात काय, चार पावलांवर दुसरं घर. पाणी घ्या. तुमची माणसं गेली ना पुढे समुद्रावर? बरं झालं. मुलांसमोर नको वाटतं.

कुठली बोट? कुठलीच नाही हो. ही वाडी आमचीच, हे माड ह्यांनी लावलेले, ह्या खोल्या ह्यांनीच उभं राहून बांधून घेतल्या. अठरा वर्षं आम्ही दोघांनी पाहुण्यांचं केलं आणि अठरा वर्षांत स्वतः पाहुणे म्हणून कुठे गेलो नाही. लोकांना सुट्टी असते तेव्हाच आमचं काम, नाही का? मग गेल्या वर्षी निकेत, आमचा मुलगा, सुनेबरोबर खारघरला असतो, तो म्हणाला, आई, ह्या नाताळात अंदमानला जायचं, मी, शिवानी आणि तुम्ही दोघं. ऐन नाताळात! तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते, आणि आम्ही गेटला कुलूप लावलं. आळीत हसली माणसं. पण मी म्हटलं, जायचंच. कारण — जाऊ दे. नाही, आता निघालंच आहे तोंडातून तर सांगते. त्याच्या आधी पावसाळ्यात हे अलिबागला बाजाराला गेले आणि घराची वाट विसरले. एसटी स्टँडवर बसून राहिले दुपारभर, ओळखीच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. मी निकेतला कळवलंच नाही. कळवलं असतं तर डॉक्टर, तपासण्या, आणि जाणं रद्द. मला जायचं होतं हो. विमानात बसायचं होतं. निकेतला अजून माहीत नाही हे — तुमचं त्याच्याशी बोलणं झालं तर काढू नका.

तिकडे काय गर्दी! अख्खी दुनिया त्या एवढ्याशा बेटावर उतरलेली, जेवायला रांग, बोटीला रांग. आणि हे? हे तिथे पाहुणे झालेच नाहीत. सकाळी उठून हॉटेलचं अंगण झाडायला लागले. लोकांच्या बॅगा उचलून खोल्या दाखवायला लागले — "या, या, पाणी गरम हाय." उष्टे कप गोळा करून विसळायला घेतले. पहिल्या दिवशी शिवानी हसली, दुसऱ्या दिवशी निकेत चिडला, बाबा, लोक बघतायत. आणि मी मधल्या मधे. तीन दिवस ह्यांच्या मागे मागे. समुद्र बघितला तो ह्यांच्या खांद्यावरून.

चौथ्या दिवशी त्या काचेच्या बोटीची तिकिटं होती. तळाला काच असते, खालचं सगळं दिसतं. हे म्हणाले, मी न्हाय येत. मी काय केलं असेल? सावलीत एका बाकावर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली, म्हटलं, हलू नका, तासाभरात येते. "व्हय, व्हय, जा तू," म्हणाले. हसले पण. ताई, मी जन्मापासून समुद्राकाठी राहिले, पण मासे बघितले ते पाटीतले, मेलेले. आमचं पाणी गढूळ, आत काय दिसणार? तिथे ते निळे, पिवळे, झुंडीच्या झुंडी, वळतात कसे, थांबतात कसे — मला ह्यांची आठवणसुद्धा आली नाही. फेरी संपली. बोटवाल्याने विचारलं, आणखी एक? निकेत म्हणाला, बाबा एकटे आहेत. आणि मी — मीच म्हटलं, झोपले असतील ते. चल.

आलो तर बाक रिकामा.

चार तास शोधलं. पोलिसांना सांगितलं, धक्क्यावरच्या भोंग्यावर पुकारलं. मी किनाऱ्याने धावत "धर्माजी, धर्माजी" — सदतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा नाव घेतलं, ते असं ओरडून. शेवटी सापडले ते धक्क्यावरच, गर्दीत, बोटीच्या रांगेत, पायात चप्पल नाही, तोंड उन्हाने लाल. मी हात धरला तर त्यांनी सोडवून घेतला. सभ्यपणे हो, परक्या बाईचा सोडवतात तसा. म्हणाले, "बाई, आमच्या कमळला बघितलंत का कुठे? तासाभरात येते म्हणाली."

कमळ मीच, ताई.

तेव्हापासून असंच. डॉक्टर म्हणतात, आज ना उद्या हे होणारच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. न लावून कसं चालेल? दुसऱ्या फेरीचं डॉक्टरांना कुठे ठाऊक आहे? ह्यांच्या लेखी आम्ही अजून तिथेच आहोत. हे ते हॉटेल, मी त्याची मालकीण. वाडीत फिरतात, माडांवर हात ठेवतात — "आमच्यासारखेच माड हायत की इथे. चांगली राखलीय वाडी, बाई." स्वतः लावलेले! निकेत म्हणतो, खारघरला चला. चौथ्या मजल्यावर काय करू ह्यांना घेऊन? महिनाभर पाहुणे बंद करून बघितले, तर दिवसभर गेटला उभे, कोणीच कसं येत नाही म्हणून रडायला लागले. घेतले परत.

सांगत का नाही म्हणताय? सांगितलं की. रोज सांगायचे. लग्नातला फोटो दाखवला, हातातली पाटली दाखवली, म्हटलं, बघा ना, मीच. तर उठून हात जोडले मला — "बाई, चेष्टा करू नका म्हाताऱ्याची. तिला पोहता येत न्हाय." त्या दिवसापासून नाही सांगत. विचारलं की म्हणते, येईल हो. निरोप आलाय तिचा.

रडू नका, तुम्ही सुट्टीला आलाय. जा, समुद्रावर जा. जेवायला दीडपर्यंत या, सुरमई आहे. — आले हो, आले! — जा ना, ताई. हाक मारतायत, आता ते तिचंच विचारणार. तुम्ही समोर असलात की मला नीट खोटं बोलता येत नाही. जा.