लोडवर चालू झालं पाहिजे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचा भार वाहणारे माननीय व्यंकटेशराव, निवृत्तीनिमित्त ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते गुरुराजअण्णा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी चंद्राक्का आणि सभागृहातल्या बंधुभगिनींनो,

मी महांतेश. होसकोट्याच्या कारखान्यात अण्णांच्या हाताखाली यंत्रांना वीज पुरवणारे पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. आधीच सांगतो, मी आज घाबरलेलो आहे. भाषणाची सवय नाही हे एक कारण. दुसरं शेवटी सांगेन.

अण्णा तिरसट माणूस. हसता काय, अक्कासुद्धा मान डोलावताहेत! दुरुस्त केलेला सप्लाय घेऊन गेलं की प्रश्न ठरलेला, "लोडवर चालू करून बघितलास?" आम्ही म्हणायचो, व्होल्टेज बरोबर येतंय की. "ते रिकाम्या टेबलावर. लोड लाव, वीज खाणारं काहीतरी जोड, बंद कर, परत चालू कर. मग मला तोंड दाखव." मनातल्या मनात यांना शिव्या घातल्या नाहीत, असा आमच्यात कोण आहे?

माझी प्रणिता अपुऱ्या दिवसांची जन्मली. बंगळुरातल्या शिवाजीनगरजवळच्या एका नर्सिंग होममध्ये ती श्वासाच्या यंत्रावर होती. एका दुपारी वीज गेली. जनरेटर लागला, दिवे आले, पंखे फिरले. यंत्र मात्र उठेना. आतून नुसतं टिक, टिक, टिक. त्याचा पॉवर सप्लाय सुरू व्हायला बघायचा आणि लोड येताच मान टाकायचा. दुसरं यंत्र तिथं नव्हतं. हा तर माझाच धंदा, पण हातात स्क्रूड्रायव्हर धरवेना. श्यामला सिस्टर रबरी पिशवी दाबून बाळाला श्वास देत होत्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. ती बोटं थकली तर?

निरोप मिळताच अण्णा पिशवीत मोटारीचे बल्ब आणि सुटे भाग घालून आले. सप्लाय यंत्रापासून सोडवला की छान चालू; लोड म्हणून बल्ब जोडून बंद-चालू केला की टिक टिक. "सुरू होताना आधार देणारा कपॅसिटर उष्णतेनं सुकलाय," म्हणाले. तो बदलला. बल्ब पेटले, मग यंत्र लागलं, पोरीची छाती यंत्रावर वरखाली होऊ लागली. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

तर अण्णांचा हात पुन्हा बटणाकडे! मी तो धरलाच.

"अण्णा, चालतंय ना, सरी आहे, ठीक आहे सगळं. नको."

"स्वल्प ऐक. बल्ब वेगळे, यंत्र वेगळं. वीज परत जाणारच, तेव्हा मी इथं नसेन. भ्यायचं तर आत्ता भी, आम्ही सगळे उभे आहोत तोवर."

डॉक्टर हो म्हणाले. सिस्टरांनी बाळाला पुन्हा पिशवी लावली. अण्णांनी यंत्र बंद केलं. त्या शांततेत बोललेले नवस मी अजून फेडतोय. मग त्यांनी बटण दाबलं आणि यंत्र उठलं.

ती प्रणिता आज शाळेत जाते. मघाशी अण्णांना फूल लावताना जिनं पिन टोचली, तीच.

आता दुसरं कारण. परवा अण्णांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. हृदय थोडा वेळ थांबवतात आणि काम उरकून परत सुरू करतात, असं डॉक्टर समजावत होते. अण्णांनी काय विचारावं? "लोडवर चालू करून बघता ना?" डॉक्टर हसले. आम्हाला कुणालाच हसू आलं नाही.

अण्णा, मला फार भीती वाटतेय. पण भ्यायचं ते सगळ्यांनी उभं राहून, हे तुम्हीच शिकवलंत. परवा आम्ही दाराबाहेर उभे असू.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. आणि अण्णा, तुम्ही फक्त परत चालू व्हा.